त्रेसष्ट सह्या आणि पन्नास विद्यार्थी : एका तहकूब ग्रामसभेचे प्रकरण

हे प्रकरण जानेवारी २०२५ मधील आहे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशातल्या एका गावात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर होते आणि मी त्याचा कार्यक्रम अधिकारी होतो. गावाचे, महाविद्यालयाचे आणि माणसांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण ही सगळी माणसे आजही एकमेकांच्या रोजच्या व्यवहारात आहेत आणि प्रकरणात कोणी खलनायक नाही. विद्यापीठ विद्यार्थ्याला 'जबाबदार नागरिक' घडवण्याची भाषा करते तेव्हा प्रत्यक्षात, गावच्या चावडीसमोर, नेमके काय घडते, एवढ्यापुरताच या लेखाचा विषय आहे.

आधी योजनेविषयी थोडे. विद्यार्थ्यांनी समाजात जाऊन काम करावे, ही कल्पना स्वातंत्र्यानंतर लगेचच चर्चेत आली होती. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही सेवा सक्तीची असावी असे सुचवले. त्यानंतर इतर देशांतील अनुभव पाहून आलेल्या शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी ती ऐच्छिक ठेवावी असे मत दिले. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत योजना सुरू झाली ती ऐच्छिक म्हणूनच. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास असे दोन वर्षे काम करायचे आणि त्या काळात एक सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे, हा तिचा आजचा सांगाडा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत समुदाय सहभाग प्रकल्प श्रेयांकांसह आला आणि जे ऐच्छिक होते त्याला गुणपत्रिकेत जागा मिळाली. सक्ती की स्वेच्छा हा देशमुख-सैयदैन वाद त्यामुळे मागच्या दाराने पुन्हा घरात आला आहे, पण तो येथे बाजूला ठेवतो.

आमच्या शिबिराचा दिनक्रम इतर कोणत्याही शिबिरासारखाच ठरला होता : पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी गटचर्चा आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. या गावाचे हे दत्तक म्हणून दुसरे वर्ष होते. पहिल्या वर्षी आम्ही रस्ते झाडले, ओढ्याकाठी चर खणले, शाळेच्या भिंतीवर घोषवाक्ये रंगवली आणि परत आलो. पुढच्या पावसात चर बुजले. घोषवाक्ये मात्र टिकली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला पारावर बसवून विचारले होते, "सर, तुमची पोरं गेल्यावर झाडू कुठं ठेवायचा, ते सांगून जा." त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. ग्रामपंचायतीने दिलेले बारा झाडू खरोखरच शाळेच्या व्हरांड्यात पडून होते.

दुसऱ्या वर्षी काही वेगळे करावे असे वाटण्यामागे आणखी एक कारण होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्याआधी आमच्या स्वयंसेवकांनी बाजारपेठेतून मतदार जागृतीची फेरी काढली, पथनाट्य केले आणि फलक धरून छायाचित्रेही काढून घेतली. डिसेंबरमध्ये शिबिराच्या पूर्वतयारीच्या बैठकीत मी सहज विचारले की मतदार यादीत कोणाकोणाचे नाव आहे, हात वर करा. सगळे अठरा पूर्ण केलेले, पण निम्मेही हात वर गेले नाहीत. ज्यांचे हात खाली राहिले त्यांत या दत्तक गावातलीच, वरच्या वस्तीवरची, द्वितीय वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी होती. तिच्या घरात सगळ्यांची नावे यादीत होती, तिचे नव्हते. वडिलांचे म्हणणे असे की लग्न झाल्यावर सासरी नाव लावायचेच आहे, मग दोनदा कशाला उपद्व्याप करायचा. हे कारण आमच्या भागात इतके सर्रास ऐकू येते की बैठकीतल्या कोणालाही त्यात नवल वाटले नाही.

म्हणून आम्ही ठरवले की शिबिर २० ते २६ जानेवारी घ्यायचे, म्हणजे २५ तारखेचा राष्ट्रीय मतदार दिन आणि २६ तारखेची ग्रामसभा दोन्ही त्यात येतील. श्रमदानाचे दोन तास कमी करून त्या वेळेत गावाचा विकास आराखडा वाचायचा. तो कोणालाही पाहता येतो. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचे नाव टाकले की वर्षाचा आराखडा, कामांची यादी आणि खर्चाचे आकडे समोर येतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी त्या वर्षी ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता याच कामांवर खर्च करावा लागत होता, तर ४० टक्के अबंधित. मुलांना हे पाठ्यपुस्तकात कुठेतरी भेटलेले होते. एका खऱ्या गावाच्या यादीत ते पहिल्यांदाच दिसत होते.

दुसऱ्याच संध्याकाळी एका गटाला २०२४-२५ च्या यादीत वरच्या वस्तीसाठी पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन हे काम सापडले. वस्तीवर पाइपलाइन नव्हती, हे आमच्या विद्यार्थिनीला कोणी सांगायची गरज नव्हती. तिची चुलती रोज खालच्या टाकीवरून घागरी वाहत होती. मुलांचे डोळे लकाकले आणि त्याच वेळी माझ्या पोटात गोळा आला. आम्ही राहत होतो गावच्या शाळेत, जेवणाचे धान्य गोळा झाले होते गावातून आणि रात्रीच्या ध्वनिक्षेपकाची सोय सरपंचांनी केली होती. रात्रीच्या कार्यक्रमाआधी मुलांनी हा कागद जाहीर वाचून दाखवायचे ठरवले आहे, ही बातमी अर्ध्या तासात सरपंचांपर्यंत पोचली. ते आले, खुर्चीत बसले नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, पोरं झाडायला आलीत का झडती घ्यायला?"

येथे मी जो निर्णय घेतला त्याबद्दल आजही माझे मन पूर्ण स्वच्छ नाही. वाचन मी थांबवले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बौद्धिक सत्राला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना बोलावून, आराखडा कसा तयार होतो हे त्यांनीच फळ्यावर समजावून सांगावे, अशी विनंती केली. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र होऊन आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झाली असली तरी गावात त्यांना भाऊसाहेबच म्हणतात, आणि पुढे मीही तसेच म्हणतो.) मुलांच्या दृष्टीने ही माघार होती आणि एकाने तसे तोंडावर सांगितलेही. माझ्या मनात हिशेब असा होता की पाच दिवसांनी आम्ही निघून जाणार, वस्तीवरच्या माणसांना मात्र याच सरपंचांकडे दाखल्यांसाठी जायचे आहे. उघड आरोप करून निघून जाण्याची चैन परगावच्या माणसालाच परवडते.

भाऊसाहेब आले आणि त्यांनी अपेक्षेपेक्षा बरेच सांगितले. पाइपलाइनचे काम आराखड्यात आहे, पण अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळालेली नाही, म्हणून ते अडले आहे. कोणी पाठपुरावा केला नाही, त्यात त्यांची स्वतःचीही ढिलाई आहे, असे ते सहज बोलून गेले. मग मुलांनी विचारले की २६ तारखेच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल का. भाऊसाहेबांनी पिशवीतून नोटिशीची प्रत काढली. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, ती १९ तारखेलाच निघाली होती, घंटागाडीच्या भोंग्यावरून पुकारलीही गेली होती आणि आम्ही आलो होतो २० तारखेला. म्हणजे विषयपत्रिका बंद झाल्यावर आम्ही गावात पाऊल ठेवले होते. राहता राहिले ते शेवटचे कलम, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय', आणि परवानगी देणारे अध्यक्ष म्हणजे सरपंच.

ही चूक सर्वस्वी माझी होती. शिबिराच्या तारखा ग्रामसभेवर बेतल्या, पण नोटिशीची तारीख पाहिली नाही. सभेला जाण्याचे नियोजन केले आणि सभेत विषय कसा शिरतो याचे केलेच नाही.

वाट दाखवली ती भाऊसाहेबांनीच. ते म्हणाले, नवा विषय कशाला हवा? पत्रिकेवर चौथा विषय आहे, '२०२५-२६ चा ग्रामपंचायत विकास आराखडा मंजूर करणे'. मागच्या वर्षीचे राहिलेले काम त्यातच बोलायचे असते. शिवाय नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती २५ तारखेला अंगणवाडीत आहे. तिथे बायकांनी ठराव केला तर तो ग्रामसभेपुढे ठेवावाच लागेल. मात्र बोलायचे ते मतदारांनी. पंचायतीच्या मतदार यादीत ज्याचे नाव तोच ग्रामसभेचा सदस्य. तुमची पोरे पाहुणी. आमच्या विद्यार्थिनीने विचारले, "मी तर इथलीच आहे ना, भाऊसाहेब?" त्यांनी यादी उघडून तिच्या घराची पाने दाखवली. आजी, आई, वडील, चुलता, चुलती. कायद्याच्या हिशेबात ती स्वतःच्या गावातही पाहुणीच होती.

पंचवीस तारखेला सकाळी मतदार दिनाची शपथ झाली आणि त्यानंतर अंगणवाडी सेविकांनी, ज्या त्या भागाच्या बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारीही आहेत, मतदार यादीत नव्याने नाव नोंदवण्याचे नमुना ६ चे अर्ज भरून घेतले. परगावच्या मुलांनी आपापल्या गावचे अर्ज मोबाइलवरून भरले. एके काळी १ जानेवारीला अठरा पूर्ण झालेल्यालाच त्या वर्षीच्या यादीत येता येई. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, हे मुलांना त्या दिवशी कळले. फेरीतल्या फलकांवर ते कुठेच नव्हते.

दुपारी महिला सभेला वस्तीवरच्या अकरा जणी आल्या. आमच्या मुलींनी फक्त लिहून द्यायचे असे ठरले होते. पहिला मसुदा महाविद्यालयीन मराठीत झाला : 'तरी वरील विषयाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.' एका वयस्क बाईंनी तो वाचून घेतला, पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाल्या, "विनंती कशाला लिवलीस, बाय? काम कागदावर हाय म्हणती ना? मग 'का झालं नाही' असं लिव." मुलीने 'विनंती' खोडून लिहिले : 'सन २०२४-२५ च्या आराखड्यात मंजूर असलेले काम अद्याप का झाले नाही याचा खुलासा व्हावा व ते पुढील आराखड्यात प्रथम क्रमांकाने घ्यावे.' राज्यशास्त्राच्या तासाला मी अर्जदार आणि नागरिक यांतला फरक तीन वर्षे शिकवत आलो आहे. तो फळ्यावर इतका नेमका मला कधी मांडता आलेला नाही.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झाले आणि दहा वाजता ग्रामसभेला सुरुवात व्हायची होती. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. या गावात चौदाशेच्या आसपास मतदार, म्हणजे शंभर माणसे हवीत. पण जानेवारीत माणदेशातली गावे अर्धी रिकामी असतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर, मेंढपाळ चराईला बाहेर. साडेअकरा वाजता हजेरीच्या वहीत त्रेसष्ट सह्या होत्या. सावलीला बसलेली माणसे उठून जाऊ लागली. वस्तीवरच्या अकरापैकी नऊ जणी ठरावाची प्रत घेऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या आणि मागे भिंतीला लागून आमचे पन्नास विद्यार्थी उभे होते.

तेव्हा एक पंच माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, पोरांच्या घ्या की सह्या. पन्नास हायती. कुणाचं काय जातंय? बायकांचा ठराव तरी होईल." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. सभा झाली तर वस्तीचेच भले होणार, हे त्यांना खरोखरच वाटत होते. वही माझ्यासमोर आली. मी लगेच 'नाही' म्हटले नाही. बायका उन्हात दोन तास ताटकळल्या होत्या, आमचा शेवटचा दिवस होता, आणि सात दिवसांच्या अहवालात 'ग्रामसभेत ठराव संमत' ही ओळ मला दिसू लागली होती.

तेवढ्यात वाणिज्य शाखेचा एक मुलगा, जो आठवडाभर कोणत्याही चर्चेत बोलला नव्हता, पुढे येऊन म्हणाला, "सर, गणपूर्तीचा तक्ता मीच रंगवलाय. आम्ही इथले मतदार नाही." पंच त्याच्याकडे पाहत राहिले, मग आमच्या विद्यार्थिनीकडे वळून म्हणाले, "ही तरी गावातली हाय!" तिने मान हलवली. "माझं नाव अजून यादीत नाही, काका. कालच अर्ज भरलाय."

मी वही परत दिली. पाऊण तासाने सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्याचे जाहीर झाले आणि पुढची तारीख ३० जानेवारी ठरली. बायका काही न बोलता उठल्या. त्यांच्यातल्या एकीने आमच्या मुलांकडे ज्या नजरेने पाहिले ती कौतुकाची नव्हती.

परतीच्या गाडीत मुलांमध्ये मोठा वाद झाला आणि शिबिरातले सर्वांत चांगले बौद्धिक सत्र तेच झाले. एका गटाचे म्हणणे असे की आपण नियम पाळला आणि बायकांचे नुकसान केले. दुसरा म्हणाला, खोट्या सह्यांवर झालेला ठराव कोणीही उद्या तक्रार करून पाडू शकला असता. मग कोणीतरी भाऊसाहेबांनी दिलेला पुढचा नियम काढला : तहकूब ग्रामसभेला गणपूर्तीची अट नसते, मात्र मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय तिथे घेता येतात. "म्हणजे आज शंभर पाहिजेत आणि परवा वीस चालतात? मग पहिल्या सभेला कोण कशाला येईल?" या प्रश्नाला माझ्याकडे पटेल असे उत्तर नव्हते आणि मी ते नसल्याचे सांगितले. आमच्या राज्यात अनेक ठिकाणी ग्रामसभा आधी तहकूब होते आणि मग मोजक्यांत उरकते, त्याचे मूळ या सोयीत आहे, असे माझे मत आहे. पण मतदारांपैकी कितीतरी जण पोटासाठी गावाबाहेर असताना गणपूर्तीची अट सरसकट कडक केली तर सभाच होणार नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

तीस तारखेला आमची अंतर्गत परीक्षा होती, त्यामुळे महाविद्यालयातून कोणीही गेले नाही. हाही नियोजनातला दोषच. विद्यार्थिनी पेपर देऊन दुपारी घरी पोचली तोवर सभा संपली होती. तिच्या चुलतीकडून आणि पुढे भाऊसाहेबांनी दाखवलेल्या इतिवृत्तावरून जे कळले ते एवढेच : सत्तावीस जण उपस्थित, चौथ्या विषयावर चर्चा, महिला सभेचा ठराव वाचला गेला, सरपंचांनी तांत्रिक मान्यतेसाठी पत्रव्यवहार करण्याचे मान्य केले आणि काम २०२५-२६ च्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर घेतले. सूचक म्हणून विद्यार्थिनीच्या चुलतीचे नाव लिहिलेले आहे. प्रोसिडिंगच्या वहीत त्या आधीच्या कितीतरी पानांवर सूचक आणि अनुमोदक तीच चार-पाच पुरुषांची नावे आलटून पालटून येतात.

महाविद्यालयात परतल्यावर शिबिराचा अहवाल भरायचा होता. त्याच्या नमुन्यात श्रमदानाचे तास, लावलेली झाडे, स्वच्छ केलेल्या परिसराचे क्षेत्र, व्याख्यानांची आणि लाभार्थ्यांची संख्या असे रकाने आहेत. मतदार नोंदणीच्या अर्जांची संख्या एका रकान्यात बसली. न केलेल्या पन्नास सह्यांसाठी रकाना नव्हता. 'इतर उपक्रम' या ओळीत मी 'ग्रामसभा निरीक्षण, तीन तास' असे लिहिले आणि श्रमदानाचे तास मागच्या वर्षापेक्षा कमी का, याचा लेखी खुलासा जोडला. विद्यापीठ पातळीवर कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. हजारो स्वयंसेवकांचे काम मोजायचे तर तास आणि झाडे मोजणेच सोपे पडते. मात्र रकाना जे विचारतो तेच पुढच्या वर्षीचा कार्यक्रम अधिकारी करतो. श्रेयांक देणाऱ्या प्रकल्पांत हे आणखी पक्के होते, कारण तेथे तासांचा हिशेब विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेला बांधलेला असतो आणि तहकूब सभा कोणाचेही वेळापत्रक पाहून ठरत नाही.

सरपंचांनी जाहीरपणे काही म्हटले नाही. मार्चमध्ये मात्र आमच्या व्यवस्थापनाकडे निरोप आला की पुढच्या वर्षी शिबिरासाठी दुसऱ्या एखाद्या गावालाही संधी द्यावी. मी गाव न बदलण्याची लेखी शिफारस केली आणि तिच्यात नियोजनातले तीन बदल नमूद केले : विषयपत्रिका निघण्याआधी किमान दोन भेटी, शिबिराबाहेरच्या तहकूब सभेसाठी विद्यार्थ्यांना रजा, आणि आराखड्याचे वाचन पहिल्याच दिवशी भाऊसाहेबांच्या उपस्थितीत. त्या शिफारशीवर निर्णय व्हायचा होता तोवर उन्हाळ्याची सुटी लागली.

एक मे रोजी दुपारी त्या विद्यार्थिनीने मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. ग्रामसभेच्या हजेरीच्या वहीचे पान, आणि अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर तिची सही, मतदार यादीतल्या अनुक्रमांकासह. टोळ्या परत आल्या होत्या, वस्तीच्या वाटेवर पाइपसाठी आखणीचा चुना पडला होता. पण गावात त्या दिवशी दोन लग्ने होती. छायाचित्राखाली तिने लिहिले होते : "सर, सभा तहकूब. पुढची तारीख कळवते."